सात घरांचं गोरेगाव

‘गोरेगाव? ईस्ट की वेस्ट?’ मुंबईत प्रत्येक जण हेच विचारतो. बॉस, आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं. तिथे लोकल नाही, धानाच्या बांध्या आहेत. आणि रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवणारे माझे बाबा. तेही पेन्सिलीने नाही, पेनाने!

गेल्या वर्षी मोतीबिंदूमुळे त्यांना कोड्यातली घरं दिसेनाशी झाली. फोनवर आधी ‘आज आडवा सात अडलाय’ असायचं. मग उरलं फक्त ‘जेवली का?’ मला ते टोचायला लागलं. मी मास कॉमवाली, कोडिंगशी संबंध शून्य. तरी ठरवलं, बाबांसाठी टॅबवर मोठ्ठ्या घरांचं कोडं बनवायचं.

त्यासाठी ‘फेझर’ घेतलं. 2013 साली आलेलं हे फुकट फ्रेमवर्क चित्रं दाखवणं, बोटाचा स्पर्श ओळखणं ही सगळी हमाली स्वतः करतं. नियम तेवढे आपण सांगायचे. ग्रिडचा फंडा सोपा आहे: ओळी आणि रकाने. काळ्या घराला 0, पांढऱ्याला 1. रकान्याचा नंबर गुणिले घराची रुंदी, की घर पडद्यावर कुठे पडणार ते कळतं. दोन वीकेंडमध्ये जाळी तयार!

मग पहिला शब्द टाकला, गोरेगाव. कॉम्प्युटरने त्याला घरं मागितली सात!

बाबांना फोन केला. ते खो खो हसले. ‘अगं, काना-मात्रा कधी वेगळ्या घरात राहते का?’ पॉइंट होता. युनिकोडमध्ये ‘ग’ वेगळा, त्याची मात्रा वेगळी. मशीन सुटे भाग मोजतं, बाबा अक्षरं. ब्राउझरमधल्या ‘सेगमेंटर’ने मात्रा जागेवर बसवल्या. पण माझ्या जुन्या टॅबवर ‘शिक्षण’मधला ‘क्ष’ दोन घरांत फुटला. जोडाक्षरं तोडू नयेत, हा नियम युनिकोडमध्ये आला 2023 साली, 15.1 आवृत्तीत. शेवटी बाबांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: पाय मोडलेलं अक्षर पुढच्या अक्षराच्याच घरात राहील.

तो फोन चाळीस मिनिटं चालला. गेल्या कित्येक महिन्यांतला सगळ्यात लांब.

आता ऑपरेशन झालंय. बाबा पुन्हा पेपर आणि पेनाकडे वळलेत. माझ्या गेमसाठी मात्र रोज नवे शब्द तेच पाठवतात. कालचा आडवा एक असा होता: ‘दिवाळीत तू कुठे येणार? घरं चार.’

तिकीट काढलंय.