नखाने उघडणारं पातं

खटका दाबला की उघडणारा चाकू मध्य प्रदेशात रस्त्यावर बाळगता येत नाही, त्याचं पातं करंगळीएवढं असलं तरीही. 22 नोव्हेंबर 1974ची राज्य सरकारची अधिसूचना आहे. सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक जागी परवान्याशिवाय चालणार नाही, आणि स्प्रिंगचा चाकू तर कुठल्याच मापाचा चालणार नाही, असं ती म्हणते. ग्वाल्हेरच्या इंदरगंज चौराह्यावरून रोज पाठीला दप्तर लावून कोचिंगला पळणाऱ्या पोरांना हे सांगून बघा. थाना तिथेच, जुन्या हायकोर्टाची गल्ली तिथेच, काळे कोट हाकेच्या अंतरावर. तरी दहापैकी नऊ पोरं म्हणतील, “छोटा चाकू तो चलता है.”

छोटा चालतो हे खरं, पण खटका चालत नाही, आणि या अधिसूचनेवर माझा जीव आहे तो याचसाठी. कायद्याची माणसं सहसा वजन-मापाच्या पलीकडे जात नाहीत. इथे कुणीतरी चाकू हातात घेऊन विचार केलेला दिसतो. साधा घडीचा चाकू उघडायचा म्हणजे एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख पात्यावरच्या खाचेत घालायचं, ओढायचं. दोन्ही हात गुंततात, मान खाली जाते, नजर पात्यावर येते. पेरू थांबतो तेवढा वेळ. सुतळी थांबते, कैरी थांबते, पार्सलचं खोकं तर थांबतंच. कापायच्या वस्तूला कधीच घाई नसते. खटका लागतो तो समोरच्या माणसासाठी, आणि पुष्कळदा तर नुसता त्याला ऐकवण्यासाठी.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं माझ्या भाच्यामुळे. वय सोळा, मिसरूड फुटलेलं, आवाज अजून कुठे बसायचं ते न ठरवलेला. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. काळी मूठ, चंदेरी पातं, मुठीवर लांडग्याचं तोंड.

“मामा, तीन इंचच आहे. लीगल आहे ना?”

“खटका आहे?”

“आहे. त्यातच तर मजा आहे.”

“कापायचं काय आहे तुला?”

यावर तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, “असाच. सेफ्टीसाठी. सगळ्यांकडे असतो.”

सगळ्यांकडे नसतो. पण दोघांकडे असला तरी सोळाव्या वर्षी ते सगळेच वाटतात. आणि ‘सेफ्टी’ या शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. भांडणात खिशातून चाकू निघाला की भांडण मिटत नाही, फक्त महाग होतं. समोरच्याच्या खिशातही तो असेल, किंवा नसेल तर तो आपलाच हिसकावून घेईल, हे सिनेमात दाखवत नाहीत. 2024च्या ऑगस्टमध्ये उदयपूरला दहावीतल्या एका मुलाने वर्गमित्राला भोसकलं. तो मुलगा वाचला नाही, शहर पेटलं, आणि राजस्थानच्या शिक्षण खात्याने शाळेत चाकूच नव्हे, कात्री आणायलाही बंदी केली. कात्रीने काय घोडं मारलं होतं, असं तेव्हा मनात आलं. पण शाळेच्या दाराशी उभं राहून कुणाचं पातं पेन्सिलीसाठी आणि कुणाचं कशासाठी, हे कोण ओळखणार? दारावर अशी ओळख पटत नाही, म्हणून सरसकट बंदी. ती ओळख पटते घरात, आणि घरात तर कुणी विचारतच नाही.

खटक्याची ओढ पोरांना लागली कुठून, याला पुरावा लागत नाही. 1965च्या ‘वक्त’मध्ये राजकुमार चाकू हातात घेऊन, हे पोराटोरांचं खेळणं नाही, असं बजावतो, आणि नेमकी पोराटोरांनीच ती गोष्ट मनावर घेतली. मुंबईच्या पडद्यावरचा रामपुरी येतो उत्तर प्रदेशातल्या रामपूरहून. त्या शहराने 2023मध्ये एका चौकात वीस फुटी रामपुरी उभा केला. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. तसलाच बोटभर चाकू इंदरगंजात पोराच्या खिशात सापडला तर शस्त्र कायद्याचं पंचविसावं कलम: मोठ्या माणसाला एक ते तीन वर्षं आणि दंड. पोर अठराच्या आतलं असेल तर त्याला कोठडीत ठेवत नाहीत, बेड्या घालत नाहीत. अशा गुन्ह्यात सहसा एफआयआरही होत नाही. थान्याच्या रोजनाम्यात नोंद होते, मुलाच्या घरची हकिगत लिहून घेतात, आणि कागद बाल न्याय मंडळाकडे जातो. भाच्याला हे सांगितलं तेव्हा एफआयआर नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. घरची हकिगत म्हटल्यावर उतरला. आईला थान्यात बसून आपल्याबद्दल बोलावं लागणार, हे त्याला दंडापेक्षा जड वाटलं असावं.

जगात इतरत्रही हा प्रश्न सुटलाय अशातला भाग नाही, पण मापं वेगळी आहेत. आपला शस्त्र कायदा 1959चा. त्याच वर्षी ब्रिटनने खटक्याच्या चाकूंची विक्री बंद केली. तिथे आज तीन इंचांपर्यंतचा, पातं न अडकणारा घडीचा चाकू कारण न सांगता खिशात ठेवता येतो, आणि अठराच्या आतल्या मुलांना चाकू विकायला बंदी असली तरी एवढा छोटा घडीचा चाकू तिच्यातून सुटतो. आपल्याकडे केंद्राचे नियम नऊ इंचांची रेघ ओढतात, मध्य प्रदेशने ती सहावर आणली. वयाचं म्हणाल तर बंदुकीसाठी कायद्याने एकवीस वर्षं लिहून ठेवली आहेत. फळं कापायच्या साध्या चाकूसाठी काहीच लिहिलेलं नाही. फ्रान्समध्ये ओपिनेल नावाची 1890पासूनची चाकूवाली कंपनी मुलांसाठी गोल टोकाचा चाकू बनवते. पातं खरं, धार खरी, फक्त टोचायची सोय काढून घेतलेली. मला वाटतं, 1974ची अधिसूचना लिहिणाऱ्याला तो आवडला असता.

ग्वाल्हेरला हत्यारांचं वावडं नाही, हेही खरं. लग्नाच्या वरातीत खांद्यावर परवान्याची बंदूक मिरवणारी माणसं इथे अजून दिसतात आणि त्यांना कुणी विचित्र समजत नाही. दसऱ्याला कंपूजवळ मांढरे की माता मंदिरापाशी शिंदे घराण्याचं शमीपूजन होतं. शमीला तलवार लागते आणि पानं लुटायला गर्दी तुटून पडते. आमच्यासारख्या, शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत आदल्या दिवशी खंडेनवमी. पाटावर लाल कापड, त्यावर विळी, अडकित्ता, कात्री, पक्कड, कुणाकडे पणजोबांची गंजलेली तलवार असलीच तर तीही. सगळ्यांना एकसारखं हळदकुंकू, एकसारखं झेंडूचं फूल. त्या दिवशी विळीवर भाजी चिरत नाहीत. तलवारीला काय, तिला बारा महिने सुट्टीच. पूजेला बसताना लहानपणी मला तलवारीचं अप्रूप होतं. आता वाटतं, मान खरा त्या विळीचा.

भाच्याचं प्रकरण शेवटी खरेदीपर्यंत आलं. लांडगा रद्द झाला. आम्ही दोघं लोहिया बाजारात गेलो आणि लाकडी मुठीचा, नखाने उघडायचा, तीन इंची चाकू घेतला. दुकानदाराने पातं उघडून अंगठ्यावर आडवं फिरवून दाखवलं. बोथट चाकू जास्त कापतो, हे त्याने सांगितलं आणि ते खरंच आहे: बोथट पात्यावर जोर लावावा लागतो आणि जोर निसटला की बोट जातं. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा, उघडाच द्यायचा तर मूठ त्याच्याकडे. कापताना पातं आपल्यापासून दूर. कैरीचा चीक लागला तर तिथल्या तिथे पुसायचा. शाळेत नाही, कोचिंगला नाही, परीक्षेला नाही, मिरवणुकीत तर मुळीच नाही. निवडणुकीच्या किंवा तणावाच्या दिवसांत कलेक्टरचा हुकूम निघाला तर साधा चाकूही घरी. मग न्यायचा कुठे? सहलीला, मामाच्या शेतावर, तिघरा धरणावर डबा घेऊन गेलो तर काकडी चिरायला. थोडक्यात, कापायला काही असेल तिथे. भाच्याने हिशेब केला आणि म्हणाला, म्हणजे वर्षातले पंचवीस दिवस. मी म्हटलं, पुष्कळ झाले.

घरी आल्यावर त्याने तो ताईला दाखवला. तिने पातं उघडायचा प्रयत्न केला, नख दुखलं, वैतागून परत दिला. त्याची धाकटी बहीण ओट्याशी कोबी चिरत होती. वय चौदा. हातातली सुरी तिने वर धरली, लांबी माझी मीच डोळ्यांनी मोजली, सहाच्या पुढे होती.

“मामा,” ती म्हणाली, “मी तिसरीपासून ही वापरते. मला तर कुणी कायदा सांगायला बाजारात नेलं नाही.”

मी तिला सांगू लागलो की घरकामासाठी बनवलेल्या पात्यांना केंद्राच्या नियमांतच सूट आहे. तिने कोबीचा दांडा एका घावात वेगळा केला आणि सुरी भावापुढे केली, मूठ त्याच्याकडे करून.

“घे मग. तुझा तो चाकू राहू दे. अर्धा कोबी उरलाय.”