फोटोच्या पाठीमागे

आमचं ट्रॉय १९५५ साली शहर झालं; त्याआधी इथे शेतीच होती. इथल्या हिस्टॉरिक व्हिलेजमधलं १८३२ सालचं कॅसवेल कुटुंबाचं घर पाहिलं आणि बेसमेंटमध्ये ठेवलेली शिरोळची पत्र्याची पेटी आठवली. परत येऊन ती उघडली.

आत सातबाऱ्याचे उतारे, उसाच्या पावत्या, पणजोबांचे मोडी कागद आणि चाळीसेक फोटो. कागदांवर सगळी पुरुषांचीच नावं. भांगलणीच्या बायका तेवढ्या फोटोत, त्याही बिननावाच्या!

आत्यांना व्हिडिओ कॉलवर एकेक फोटो दाखवला. एकापाशी त्या थांबल्या. "ही तुझी आजी न्हवं रे, तिची थोरली जाऊ, चंद्राक्का. बाळंतपणात गेली." हे नाव आम्ही प्रथमच ऐकलं. लगेच फोटोमागे मऊ पेन्सिलीनं लिहिलं. (बॉलपेन नको, शाई पसरते, दाबाचे वळ पुढे उमटतात.)

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरं जमवली, १८९८ साली पहिला खंड छापला. आपल्याला तर फक्त फोन लावायचाय! मोडी वाचणारे अजून मिळतील. चेहरे ओळखणाऱ्या आत्या मात्र एकच, आणि त्या आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. अजून सतरा फोटो बाकी आहेत. तुमच्या पेटीत किती?