मुठीचा कारागीर

सावली गावातला माझा एक मित्र त्सुबांच्या नादी लागला आहे. त्सुबा म्हणजे जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये बसणारी सात-आठ सेंटिमीटरची धातूची चकती. खऱ्या विकत घ्यायची ऐपत नाही, म्हणून पठ्ठ्या त्यांची चित्रं जमवतो, आणि तीही तऱ्हेवाईकच निवडतो. कुठे आरपार कोरलेले बगळे, कुठे कोळ्याचं जाळं. "हे फुलकारीचं लोखंड वार झेलंल का गा?" हा माझा ठरलेला टोमणा. (ज्या सावलीत 1936 साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं, तिथं आम्ही तलवारींवरून भांडतो!)

पण टोमण्यात दम नाही, हे मलाही कळतं. कोरल्यानं चकती हलकी होते, हाताला तोल सापडतो. भोसकताना आपलाच पंजा पात्यावर घसरू नये, हे तिचं मोठं काम. ते बगळेही करतात. मित्रानं एकदा चित्रातलं मधलं पाचरीसारखं भोक मोठं करून दाखवलं. वरखाली तांब्याचे तुकडे ठोकलेले होते. चकती दुसऱ्या पात्यावर घट्ट बसावी म्हणून केलेली ही जुळवाजुळव. शोभेच्या वस्तूला एवढे सोपस्कार कोण करतो? 1876 मध्ये जपानात चारचौघांत तलवार लावून फिरण्यावर बंदी आली आणि सुट्या झालेल्या त्सुबा संग्राहकांच्या कपाटांत गेल्या. 'कला की उपयोग' हा वाद कपाटातच रंगतो.

आपल्याकडचा दाखला ताजा आहे. नागपूरच्या ज्या पहिल्या रघुजी भोसल्यांनी 1751 मध्ये चांद्याचं गोंड राज्य घेतलं, त्यांच्या नावाची फिरंग, म्हणजे युरोपी पात्याची तलवार, एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनानं ती 47 लाख 15 हजार रुपयांना सोडवली. पातं सरळ, एकधारी, युरोपी. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगिरी म्हणजे जडवलेली नक्षी, धरायच्या जागी हिरवं कापड. सोनं बाहेरून, कापड हाताशी. माझ्या मते वादाचा निकाल इथंच लागतो: नक्षी हाताच्या आड आली नाही, तर ती कामाचीच.

कित्येक जपानी कारागीर त्सुबावर भोकाशेजारी सही कोरत. मूठ चढली की ती झाकली जाई, तरी कोरत. रघुजींच्या फिरंगीवर पातं करणाऱ्या युरोपी कारखान्याचं नाव आहे, पात्याच्या पाठीवर 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा' असं मालकाचं आहे. मूठ घडवणारा तेवढा निनावी राहिला.