इंजिनाचा वारसा जपला, माणसाचा कोण जपणार?

आमच्या गेवराईत रेल्वे नाही. 17 सप्टेंबर 2025 रोजी बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली, जिल्ह्यात पेढे वाटले गेले, पण ती गाडी आमच्या तालुक्याला शिवत नाही. आम्हाला आजही रेल्वे धरायची तर एसटीने जालना गाठावे लागते. मग गेवराईच्या माणसाने वाफेच्या इंजिनावर का लिहावे? कारणे दोन आहेत. पहिले कारण आमचे आजोबा. दुसरे कारण म्हणजे माथेरानात आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट. ती इतकी वर्षे आम्ही कुठल्याही शिबिरात बोललो नाही.

आजोबा जालन्याकडच्या मीटरगेज लाइनीवर गँगमन होते. निजामाची रेल्वे केंद्र सरकारकडे गेली, त्या सुमारास ते लागले. उन्हापावसात रुळाखालची खडी ठोकायची, सडलेले लाकडी स्लीपर खांद्यावर वाहून बदलायचे आणि इंजिनाची शिट्टी ऐकू आली की फावडे उचलून बाजूला व्हायचे. इंजिनातून पडलेल्या निखाऱ्यांनी त्यांच्या पायांवर डाग पडले होते. आम्ही लहानपणी ते बोटाने मोजायचो. नुसत्या आवाजावरून इंजिन कोणता ड्रायव्हर चालवतोय हे ते ओळखायचे. पण त्या इंजिनावर ते कधी चढले नाहीत. गँगमन म्हणून लागले आणि गँगमन म्हणूनच उतरले.

आता माथेरान. 2015 च्या हिवाळ्यात एका संस्थेच्या कार्यशाळेसाठी आम्ही तिथे गेलो होतो. नेरळ स्टेशनाबाहेर जुने वाफेचे इंजिन चौथऱ्यावर उभे आहे. आम्ही त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. आवडले, खोटे कशाला बोला? आदमजी पीरभॉय कुटुंबाने सोळा लाख रुपये घालून 1907 साली ही दोन फुटी रेल्वे सुरू केली. एकवीस किलोमीटरची ही लाइन, काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट चढ, आणि वळणे तर अशी की साधे इंजिन रुळावरून उतरेल. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने बनवलेल्या इंजिनांना खास धुरे बसवले गेले. पुढची आणि मागची चाके वळणाबरोबर थोडी वळायची. आपल्या शेजारच्या बार्शी लाइट रेल्वेचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याचेच डोके या आखणीमागे होते. म्हणजे मराठवाड्याच्या उंबऱ्यावर शिकलेली विद्या माथेरानच्या डोंगरावर चढली!

आणि अशा इंजिनाला पुन्हा जिवंत करणे हा पोरखेळ नाही. बॉयलरच्या गंजलेल्या नळ्या एकेक काढून नव्या बसवाव्या लागतात. मग गार पाण्याच्या दाबाने बॉयलर तपासतात, तोही रोजच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन, कारण तिथे चूक झाली तर माणसे मरतात. शेगडी पेटवली की वाफ धरायला तासन् तास लागतात. घाई केली तर लोखंड एकसारखे तापत नाही आणि जोड उकलतात. आतला क्षार धुवायचा, राख ओढायची, चिकटलेला जळका कोळसा सळईने फोडायचा. दार्जिलिंग आणि निलगिरीच्या डोंगरी रेल्वेत हे काम आजही होते. दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरानला मात्र वाफ बंद होऊन चाळीसेक वर्षे झाली. आता तिथल्या डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचा साज चढवला आहे.

त्या दिवशी माथेरान स्टेशनवर उतरताना आमचा पाय मुरगळला. मुक्काम दीड किलोमीटरवर. माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून सोबत्यांनी हातरिक्षा ठरवली. एक माणूस पुढे ओढायला, चढावर दोघे मागून ढकलायला. आम्ही बसलो. ओढणारा पन्नाशीचा असावा. लाल मातीत त्याच्या टाचा रुतत होत्या. त्याने विचारले, "साहेब, कुठले?" आम्ही म्हणालो, "गेवराई, बीड जिल्हा." तो म्हणाला, "म्हणजे ऊसतोडीवाले तुम्ही. तुमची माणसं आमच्यासारखीच की." पुढे आम्हाला एक शब्द सुचला नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलेला, दर 14 एप्रिलला माणसाच्या प्रतिष्ठेवर भाषण ठोकणारा माणूस दुसऱ्या माणसाने ओढलेल्या गाडीत बसला होता. पाय दुखत होता हे खरे. पण सबब ही सबबच असते.

त्या रात्री झोप आली नाही. डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. ज्या डोंगरावर इंजिन चढून शंभर वर्षे झाली, तिथे माणूस अजून ओढतोच कसा? यंत्र आले तर माणूस सुटायला हवा होता ना?

हा प्रश्न आमच्याआधी मोठ्या माणसांना पडला आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लिहिले की रेल्वेतून उभे राहणारे आधुनिक उद्योग जातीचा पाया असलेली वंशपरंपरागत कामाची विभागणी मोडून काढतील. आशा चांगली होती. पण 1901 साली दहा वर्षांचे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले, तेव्हा काय झाले? जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. गाडीने जात विचारली नाही, स्टेशनने विचारली.

12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथे सांगितले. हे वाक्य आपण सगळे पोस्टरवर छापतो. पण त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील किती जणांनी वाचला? अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि तिथेच राहतो, त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामे करून घेतो आणि घरात अस्पृश्य कसा चालेल? मार्क्सच्या आशेला मनमाडने 85 वर्षांनी दिलेले हे उत्तर आहे. वाचताना आम्हाला आजोबांच्या पायावरचे डाग दिसले.

काही तरुण मित्र म्हणतील, हे वारसा-बिरसा साहेब लोकांचे नाद आहेत, आपल्याला काय त्याचे? आम्हाला हे पटत नाही. वेल्समधली टॅलीलिन रेल्वे 1951 पासून स्वयंसेवक चालवतात. ज्याला इंजिन आवडते, तोच सुट्टीच्या दिवशी येऊन शेगडीतली राख काढतो, मग तो आठवडाभर कुठल्याही खुर्चीवर बसत असो. आपल्याकडे इंजिनाचा फोटो एकाने काढायचा आणि राख दुसऱ्याने. ती दुसरी व्यक्ती कोण, हे बहुतेक वेळा जन्माने ठरलेले असते. जात म्हणजे कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी, हा बाबासाहेबांचा मुद्दा समजायला यापेक्षा सोपे उदाहरण आमच्याकडे नाही. तेव्हा वारशाला विरोध नको. अर्धा वारसा दाखवण्याला विरोध हवा. चौथऱ्यावरच्या इंजिनाशेजारच्या पाटीवर बांधणाऱ्या कंपनीचे नाव असते. खडी फोडणाऱ्याचे, कोळसा टाकणाऱ्याचे, रूळ राखणाऱ्याचे का नसावे?

6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माथेरानच्या हातरिक्षा माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध आहेत असे सांगून त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि खऱ्या रिक्षाचालकांना ई-रिक्षा देण्याची योजना आखण्याचा आदेश दिला. ही बातमी वाचताना आम्ही गेवराईच्या बसस्टँडवर होतो. डोळे भरून आले. पण आदेशाने काम संपत नाही. परवानाधारक हातरिक्षा 94, आणि प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी मिळाली होती फक्त 20. गाडी शेवटी ओढणाऱ्याच्या नावावर होते की दुसऱ्याच कुणाच्या, हे डोळ्यांत तेल घालून बघावे लागेल. नाहीतर माणूस ओढण्यातून सुटेल आणि पोटाला मुकेल.

तरुण मित्रांना आमचे तीन गोष्टींचे मागणे आहे. एक, मनमाडचे भाषण पूर्ण वाचा, गटाने वाचा. दोन, मनमाड, कुर्डुवाडी, परळी, भुसावळ, दौंड इथल्या वस्त्यांत वाफेच्या काळातले गँगमन, खलाशी, फायरमन अजून असतील. आज ते ऐंशीच्या घरात आहेत. मोबाइल काढा, त्यांच्यासमोर बसा आणि त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. आम्ही आजोबांचे केले नाही. ते गेले आणि इंजिनाचा आवाज ओळखण्याची त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली. तीन, माथेरानला गेलात तर त्या रिक्षावाल्या भावांना भेटा. त्यांची कागदपत्रे कुठे अडली आहेत ते विचारा.

आम्हीही जाणार आहोत. त्या माणसाचे नाव आम्ही त्या दिवशी विचारले नव्हते. या वेळी ते आधी विचारू, आणि चढ पायीच चढू.

जय भीम!