किती उरले आहे?

नोकरीसाठी बंगळूरला जाताना आमच्या कन्येने आपले जुने बिनतारी इअरबड्स माझ्या हातावर ठेवले. बापाने लेकीला कर्णफुले करावीत ही आजवरची रीत. आमच्या घरी ती उलटी झाली! मीही ती मोठ्या हौसेने कानांत मिरवू लागलो.

पंचाईत एकच होती. इअरबड्स एका कंपनीचे आणि माझा फोन दुसऱ्या कंपनीचा. कन्येच्या फोनजवळ डबीचे झाकण उघडले, की डावा, उजवा आणि डबी या तिघांचेही चार्जिंग पडद्यावर हजर होई. माझ्या फोनवर ब्लूटूथच्या यादीत एकच आकडा दिसे. म्हणजे गाणे ऐकवायला दोघेही तयार; पण घरातली शिल्लक काही परक्याला सांगायची नाही! गंमत पाहा, ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅरल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून घेतलेले. डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले, ही त्याची ख्याती. त्याच नावाने १९९८ साली पाच कंपन्यांनी संघ स्थापन केला. सोयरीक जमली, पण मने काही जुळली नाहीत.

मला त्याचे फारसे सुखदुःख नव्हते. पण एका रात्री अंथरुणावर पडून मी कन्येशी बोलत होतो. फोन बाहेरच्या खोलीत. मध्येच कानात बारीक सूर वाजला. मी दुर्लक्ष केले. "बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं..." ती म्हणाली, आणि पुढे शांतता. अंधारात ठेचकाळत मी फोन गाठला. तोवर ती म्हणाली, "काही नाही हो. झोपा तुम्ही."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात एका विद्यार्थ्याला गाऱ्हाणे सांगितले. तो हसला. म्हणाला, "सर, झाकण उघडलं की हे इअरबड्स आपलं चार्जिंग आसपास हवेत सांगत असतात. तुमच्या फोनला ती भाषा कळत नाही, इतकंच." त्याने एक छोटे ॲप घालून दिले. झाकण उघडले, आणि पडद्यावर आकडे उमटले: डावा सत्तर, उजवा चाळीस, डबी वीस. दहादहाच्या टप्प्यांनी का होईना, पण तिघांचा हिशेब निराळा. "बोलताना एकाच बाजूचा माइक चालतो, ती बाजू आधी उतरते," त्याने समजावले. वर्षानुवर्षे मुलांना भाषा शिकवणाऱ्या मला त्या पोराने त्या दिवशी भाषेचाच एक धडा दिला.

रविवारी तिन्ही आकडे नीट पाहून मगच मी कन्येला फोन लावला.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"असा एकच आकडा चालायचा नाही," मी म्हणालो. "डावा, उजवा, डबी, तिन्ही सांग."

ती खळखळून हसली. मग गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाबा, डबीच रिकामी झालीय हो. रोज रात्री वाटतं, परत यावं."

आम्ही तासभर बोललो. तिने नोकरी सोडली नाही. दिवाळीला मात्र चार दिवस आधी येणार आहे. तिच्या आईने आतापासूनच डबे घासायला काढले आहेत. चकलीचा, चिवड्याचा आणि बेसनाच्या लाडवांचा, असे तीन.