कुलूप नसलेली खोली

सांगलीच्या हळदबाजारात चाळीस वर्षे पेढी सांभाळलेल्या एका व्यापाऱ्याने साठीच्या उंबरठ्यावर आई, पत्नी आणि नातू यांच्यासह केनियाला जाण्याचे ठरविले, तेव्हा पहिला प्रश्न सामानाचा निघाला. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मसाई माराकडे जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी अवघे १५ किलो सामान, तेही मऊ पिशवीत. ऐंशी उलटलेल्या आईंची पिशवी क्षणात भरली: दोन पातळे, खाकरे, मेतकूट, जपमाळ. शेठजींची पिशवी तीनदा उपसावी लागली. पेढी थोरल्या मुलावर सोपविली होती. तरी किल्ल्यांचा जुडगा काही पिशवीतून बाहेर निघाला नाही.

तंबू कसला, महालच तो! लाकडी चौथरा, ऐसपैस पलंग, ऊन पाण्याचे न्हाणीघर. भिंती मात्र कापडी आणि भोवती कुंपण नाही. दार म्हणजे एक लांब चेन. ‘‘कुलूप कोठे?’’ शेठजींनी विचारले. ‘‘येथे चोर शिरत नाहीत, माकडे शिरतात,’’ व्यवस्थापक हसून म्हणाला, ‘‘चेन पूर्ण ओढा.’’ अंधार पडल्यावर रखवालदाराच्या सोबतीवाचून तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाही, एवढाच नियम. त्या रात्री नदीतल्या पाणघोड्यांचे घुरघुरणे आणि दुरून येणारी सिंहाची गर्जना ऐकत शेठजी जागेच राहिले. जुडगा उशाखाली होता.

‘सफारी’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ प्रवास. आपल्या ‘सफर’चे आणि त्याचे मूळ एकच, अरबी. असे तंबू पूर्वी शिकाऱ्यांसाठी ठोकले जात. १९७७ साली केनियाने शिकारीवर बंदी घातली. बंदुका गेल्या, कॅमेरे आले; तंबू राहिले.

विषुववृत्त जवळ असल्याने तेथे वर्षभर सूर्य साडेसहा-पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि प्राणी पाहण्याची वेळही तीच. आईंचा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम. केनियात भारतीय व्यापारी पिढ्यान् पिढ्या वसलेले. त्यामुळे कांदा-लसणाविना स्वयंपाक कसा करावा, हे तेथील आचाऱ्याला सांगावे लागले नाही. त्याने डबाच बरोबर दिला. बाभळीखाली गाडी थांबवून आईंनी पहिला घास घेतला, तोच वाटाड्याच्या बिनतारी यंत्रावर निरोप आला: सिंहीण शिकारीला निघाली आहे.

‘‘आजी, चल ना! नंतर जेव.’’

आईंनी एकवार सूर्याकडे पाहिले. ‘नंतर’ म्हणजे उद्या सकाळी, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी डबा मिटला. ‘‘चला.’’

उंच गवतात सिंहीण दबा धरून बसली होती. पलीकडे झेब्रे चरत होते. सहा गाड्या श्वास रोखून उभ्या होत्या. नातू पुटपुटला, ‘‘धाव ना, लवकर!’’

‘‘तू कुणाच्या बाजूने रे?’’ आजींनी हळूच विचारले. नातू गप्प झाला. ‘‘तिला पोट आहे, पिले असतील. तिचा दोष नाही. पण आपण भरल्या पोटी कशाची वाट पाहतो आहोत?’’

सिंहीण झेपावली. धुरळा उडाला, झेब्रे उधळले आणि निसटले. सिंहांच्या बहुतेक शिकारी फसतातच. सर्व गाड्यांतून निराशेचा एकच सुस्कारा निघाला. त्यात आपलाही होता, हे शेठजींच्या ध्यानात आले. प्रवासाचा खर्च वसूल झाला नाही, असाच विचार क्षणभर मनात आला होता. ते ओशाळले.

सिंहीण धापा टाकीत गवतात बसली. आई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. सूर्य बुडाला होता.

‘‘आज तीही उपाशीच,’’ त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही. नातवाने आजीचा हात हातात घेतला होता आणि त्याचा कॅमेरा मांडीवर तसाच पडून होता.

रात्री शेठजींना गाढ झोप लागली. पहाटे जाग आल्यावर त्यांनी सवयीने उशाखाली हात घातला. जुडगा तेथे नव्हता. तो मेजावर होता. तेथून उचलून ठेवायला ते विसरले होते.