चढणीचे मासे

मृगाच्या सरी कोसळल्या, सांजांवचा सण जवळ आला, की पेडण्यातील आमच्या गावचे वहाळ दुथडी भरत आणि शेतांच्या बांधांवरून चढणीचे मासे उसळत. डिचोलीस मामांकडेही हाच सोहळा. अंडी घालण्यास प्रवाहाविरुद्ध निघालेल्या त्या जिवांना आम्ही भावंडे कंदिलाच्या उजेडात बांबूच्या सापळ्यांत गाठीत असू. मासे चिरताना आतील अंडी पाहून आजी मात्र गप्प होई.

नदीतील सर्पाकार वाम उलट वाटेने जाते: गोड्या पाण्यात वाढून अंडी घालण्यास समुद्र गाठते. युरोपातील वामींचा शोध घेताना योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे समुद्रातून पिल्ले गोळा केली. सर्वांत चिमुकली पिल्ले सापडली ती सार्गासो समुद्रात. तेच त्यांचे जन्मस्थान, असे त्याने १९२२च्या सुमारास सांगितले. केवढी ही चिकाटी!

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांस समुद्रात मासेमारीची बंदी असते. आमच्या वहाळावर पहारा कोणाचा? आता चढणीला पूर्वीसारखे मासे दिसत नाहीत. त्यात आमच्या सापळ्यांचाही वाटा आहेच.

गेल्या जूनमध्ये चिरंजीवांनी माळ्यावरचा सापळा मागितला. आम्ही दिला नाही. ते अद्याप आमच्याशी धड बोलत नाहीत.